गरजेपेक्षा जास्तीचा टाका : हिंगोलीच्या घरातील वाकळ, रोडगा आणि उतरंड

१/
हिंगोली जिल्ह्याचा इतिहास म्हटला की काही गोष्टी लगेच आठवतात: औंढ्याचे नागनाथ मंदिर, नर्सीचे संत नामदेव, निजामाच्या काळातील लष्करी छावणी, कापसाची बाजारपेठ आणि अलीकडे वसमतची हळद. या यादीत घर कुठेच नसते. घरी शिवलेली वाकळ, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा, उतरंडीच्या तळाशी जपून ठेवलेली नाणी, यांनाही इतिहास असतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजचा धागा त्याच इतिहासाचा.

२/
आधी प्रदेश समजून घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. काळी जमीन, कापूस, ज्वारी, कयाधूचे खोरे आणि उत्तरेला लागून वऱ्हाड, अशी ही भूमी.

३/
इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत हिंगोलीची नोंद आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी, ठगांचा बंदोबस्त आणि कापसाचा व्यापार हे त्या नोंदींचे विषय. लिहिणाऱ्यांना महसूल, सुरक्षा आणि व्यापार महत्त्वाचा होता, त्यामुळे त्यांनी तेच पाहिले. त्याच गावातील बाया दुपारी काय शिवत होत्या, सणाला काय भाजत होत्या, हा प्रश्न त्या चौकटीत बसणारा नव्हता.

४/
मग हा इतिहास शोधायचा कसा? एक साधी कसोटी उपयोगी पडते. कोणतीही घरगुती वस्तू घ्यावी आणि विचारावे: गरजेसाठी एवढे पुरेसे होते का? थंडी भागवायला कापडाचे थर आणि सरळ टाके पुरतात. तरीही कोपऱ्यात लाल त्रिकोण बसवलेला असेल, तर तो त्रिकोण कशासाठी? गरज संपते तिथून पुढे केलेले काम हा आनंदाचा पुरावा असतो. हाच गरजेपेक्षा जास्तीचा टाका या धाग्यात शोधायचा आहे.

५/
सुरुवात वाकळेपासून. महाराष्ट्रात इतरत्र जिला गोधडी म्हणतात, ती मराठवाड्यात अनेक घरांत वाकळ. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, पोरांचे विटलेले कपडे यांचे तुकडे एकावर एक पसरायचे, वरखाली त्यातल्या त्यात धड लुगडे लावायचे आणि जाड दोऱ्याने सगळे थर एकत्र शिवायचे. टाका अगदी सोपा, धावदोरा. काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत शिवण मध्याकडे येते. शिवणाऱ्या बाया चारही बाजूंनी बसू शकतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

६/
यात एक विरोधाभास दडलेला आहे. हिंगोली हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून येणारा कापूस आटला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानातील कापसावर खिळली. वऱ्हाड आणि त्याला लागून असलेला हा पट्टा त्या बाजाराशी अधिकाधिक जोडला गेला. तरीही येथील गरीब घरातील पांघरुणात कापूस नव्हता. रुईची गादी आणि दुलई पैसेवाल्याकडे, पिंजाऱ्याने पिंजलेली. शेतकऱ्याचा कापूस बाजारात गेला, त्याच्या घरात उरल्या त्या चिंध्या. वाकळ त्या चिंध्यांतून उभी राहिली.

७/
म्हणून वाकळेचे कौतुक करताना सावध राहायला हवे. अपुऱ्या पांघरुणांत मोठे कुटुंब झोपवणे हे मुळात अभावाचे चित्र आहे. वाकळ शिवली जाई ती चैत्र-वैशाखात, शेतातील कामे सरल्यावर, म्हणजे बाईला जो काही विसावा मिळे त्यातच. पण याच कामात निवडीला वाव होता. इरकली लुगड्याचा काठ मध्यभागी घ्यायचा की कडेला, हिरव्याशेजारी लाल लावायचा की पिवळा, माहेरच्या लुगड्याचा तुकडा वर दिसू द्यायचा की आत झाकायचा, हे ती स्वतः ठरवी. जिच्या आयुष्यातील बहुतेक निर्णय दुसरे घेत, तिच्यासाठी ही मोकळीक लहान नव्हती.

८/
या जिल्ह्याचे सुईशी नाते तसे फार जुने. संत नामदेवांचा जन्म परंपरेनुसार १२७० मधला, नर्सी बामणी गावचा, शिंपी कुळातला. शीख धर्मीयांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात गज, कातर, सुई आणि दोरा ही शिंप्याची सारी हत्यारे भक्तीची रूपके होऊन येतात. हातातले काम हलके न मानता त्यालाच ईश्वराकडे जाण्याची वाट करणारी ही दृष्टी. विसोबा खेचर आणि नामदेव यांची गुरुशिष्याची कथा तर याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाशी जोडलेली आहे.

९/
मात्र येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. शिंप्याचे शिवणकाम हा व्यवसाय होता. त्याला नाव होते, जात होती, मोबदला होता, म्हणून त्याची नोंदही झाली. वाकळ शिवणारी बाई शिंपी नव्हती. ती कुणबी, धनगर, हटकर, मराठा, महार, मुसलमान, कोणत्याही घरातली असे. तिच्या कामाला मजुरी नव्हती आणि वाकळेवर तिचे नाव घालण्याची रीतही नव्हती.

१०/
अशी पांघरुणे जगभर आढळतात. बंगालमधील कांथा ही वाकळेची सख्खी बहीण म्हणावी: जुन्या साड्यांचे थर आणि तोच धावदोरा. कांथेला मात्र संग्राहक भेटले. सनदी अधिकारी असलेले गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून कांथा जमवल्या. कलेतिहासकार स्टेला क्राम्रिश यांनी १९३९ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्याही जुन्या, झिजलेल्या कामाच्या कपड्यांतूनच शिवलेल्या होत्या.

११/
मराठवाड्याच्या वाकळेच्या वाट्याला असा संग्राहक आला नाही. याच मराठवाड्यातील पैठणी आणि हिमरू यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, कारण त्यांच्यामागे दरबार होता, कारखाने होते, व्यापारी होते. शिवाय पैठणी पेटीत जपली जाते. वाकळ अंगाखाली घातली जाते, धुतली जाते, विरते. ती फाटली की नव्या वाकळेच्या पोटात जाते. पुढे जाऊन तिची बैलाची झूल होते, पोतेरे होते. पूर्ण वापरली जाणे हेच तिचे सार्थक, आणि त्यामुळेच शंभर वर्षांपूर्वीची वाकळ आज सहसा हाती लागत नाही.

१२/
आता गावाबाहेरच्या तांड्याकडे वळू. हिंगोली जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे श्रद्धास्थान पोहरादेवी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे बंजारा तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य आणि मीठ यांची देशभर वाहतूक करणारी, फौजांना रसद पुरवणारी ही जमात. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आणि रेल्वे आली, तसा बैलांवरचा हा व्यापार संपत गेला आणि तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले.

१३/
सतत फिरणाऱ्या माणसाचे घर म्हणजे त्याच्या बैलाच्या पाठीवर मावेल तेवढे. त्यामुळे बंजारा स्त्रियांची कला कापडावर आणि अंगावर वसली. फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, डोक्यावर ओढणी. त्यांवर आरसे, कवड्या, शिंपले, नाणी, रंगीत दोऱ्यांचे दाट भरतकाम. पिशव्या, बटवे, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, बैलांच्या झुली, सारे भरलेले. चुंबळ घागर सांभाळायला असते, तिला कवड्यांची झालर लागत नाही. झालर लावली गेली, कारण ती लावणारीला पाहायची होती आणि इतरांना दाखवायची होती.

१४/
या भरतकामातील कवडीचा प्रवास थक्क करणारा आहे. ती मुख्यत्वे मालदीव बेटांच्या समुद्रातून येई. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कवड्या चलन म्हणून वापरात होत्या. चलनातून त्या गेल्या, तरी माणसांच्या मनातून गेल्या नाहीत. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील माळेत, सारीपाटाच्या खेळात आणि बंजारा स्त्रीच्या पिशवीवर त्या टिकून राहिल्या. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कळमनुरी-सेनगावच्या तांड्यांत हा समुद्राचा तुकडा दोऱ्याने टाकून जपला गेला.

१५/
कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या कामाला बाजारात नाव मिळाले. वसमतच्या हळदीलाही २०२४ मध्ये असे मानांकन लाभले. हिंगोलीच्या तांड्यांतील सुईकामाचे काय, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो. जुना पोशाख आता प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या अंगावर आणि सणासमारंभात दिसतो. एक फेटिया भरायला कित्येक महिने लागत. मजुरीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे एवढी सलग फुरसत उरत नाही.

१६/
आता स्वयंपाकघर. घरात भाजण्याची कला म्हटले की आज केक आणि बिस्किटे डोळ्यांपुढे येतात. परंतु या मुलखात भट्टीवाचून भाजण्याची परंपरा फार पूर्वीपासून आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मंडकांचे वर्णन येते. मंडक म्हणजे आपले मांडे. गव्हाच्या सपिठाची हातावर वाढवलेली पातळ पोळी तापलेल्या खापरावर भाजायची ही कृती. मांडे राजाच्या ताटातले. सामान्यांना ते मनातच खावे लागत, हे मराठी म्हणीनेच नोंदवून ठेवले आहे.

१७/
सामान्यांचा भाजलेला पदार्थ म्हणजे रोडगा. त्याचा जुना आणि भक्कम पुरावा पैठणच्या संत एकनाथांच्या (१५३३-१५९९) भारुडात सापडतो. सासरच्या जाचाला विटलेली एक बाई त्यात भवानीला रोडग्याचा नवस बोलते. आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवून पाहिले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून बरेच काही कळते. सोळाव्या शतकातील मराठवाड्यात रोडगा हा देवीला वाहण्याचा ओळखीचा नैवेद्य होता, आणि तो गरीब सासुरवाशिणीच्याही आवाक्यातला होता. नाटकातील पात्राने काय वाहावे हे लेखक नेहमी प्रेक्षकांच्या अनुभवातून निवडतो.

१८/
कृती आजही फारशी बदललेली नाही. गव्हाचे जाडसर पीठ, तेलाचे मोहन, मीठ, ओवा. घट्ट मळून उंडे करायचे. शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पडू द्यायचा आणि धूर सरला की उंडे त्या आरात पुरायचे. वरून राख, मधूनमधून फिरवणे. भाजले की कवच तडकते. मग राख झटकायची, रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वरण व वांग्याच्या भाजीसोबत खायचा. घड्याळ, तापमापक, साचा यांतले काही लागत नाही. आर किती पडला आणि वास कसा सुटला, यावर सगळा अंदाज.

१९/
यातला जास्तीचा टाका कुठे आहे? काही घरांत उंडा नुसता गोल वळत नाहीत. पोळी लाटून तिला तूप लावतात, घडी घालतात आणि मग उंडा वळतात, म्हणजे आत पदर सुटतात. भूक साध्या उंड्यानेही भागली असती. रोडग्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की शेतात किंवा देवळाच्या आवारात जेवण असले की आर पाडणे आणि रोडगे भाजणे पुष्कळदा पुरुषांकडे येते. रोजची भाकरी बाईची आणि उत्सवाचा रोडगा सर्वांचा, ही वाटणीसुद्धा इतिहासाने लक्षात घेण्याजोगी आहे.

२०/
पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. बिस्किट इंग्रजांबरोबर रुळले. विसाव्या शतकात मराठी घरांत नानकटाई पोचली आणि दिवाळीपूर्वी तूप, साखर, पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर पत्रे भाजून आणण्याची प्रथा अनेक शहरांत पडली. ज्यांच्या गावात भट्टी नव्हती त्यांनी जुनीच विद्या वापरली: पातेल्यात वाळू तापवायची, आत ताटली ठेवायची, वरच्या झाकणावर निखारे. खाली-वर विस्तव ठेवण्याची ही युक्ती रोडगा भाजणाऱ्या हातांना नवी नव्हती. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. रोडग्याचे माप मात्र हातातच राहिले.

२१/
तिसरी गोष्ट संग्रहाची. जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात उतरंड असे. तळाला मोठा रांजण किंवा डेरा, त्यावर त्याहून लहान मडके, मग आणखी लहान, अशी वर निमुळती होत जाणारी चळत. तिच्यात डाळी, बियाणे, चिंच, मीठ राही. आणि तळाच्या एखाद्या मडक्यात, धान्याखाली, बाईची स्वतःची ठेव. उतरंड उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नसे. ती उतरवणे आणि पुन्हा रचणे घरातील बाईलाच नीट जमे. तिजोरी म्हणून ही रचना चांगलीच हुशारीची होती.

२२/
त्या ठेवीत काय असे? हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते, हाली सिक्का. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या रुपयावर चारमिनारची छाप आली. इंग्रजांच्या रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि साधारण ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार असा हिशेब चाले. संस्थान विलीन झाल्यावर १९५०च्या दशकात हे चलन मागे घेतले गेले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. जुनी नाणी बाजारात निकामी झाली, पण चांदीची म्हणून, आठवणीची म्हणून किंवा दागिन्यात ओवण्यासाठी काही घरांत राहिली.

२३/
१९४३ ते १९४७ दरम्यान इंग्रज सरकारने मध्ये भोक असलेला पैसा काढला. युद्धकाळात धातू वाचवण्याची ती युक्ती होती. लोकांनी तो दोऱ्यात ओवून लहान मुलांच्या करदोट्याला बांधला. सरकारने काटकसर म्हणून पाडलेल्या भोकाचा घराने दागिना केला. अशीच गत डब्यांची. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे, बिस्किटांच्या डब्यात सुया, बटणे आणि पोत राही.

२४/
या ठेवीला भावनेइतकाच कायद्याचाही संदर्भ आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. तोपर्यंत, आणि व्यवहारात त्यानंतरही दीर्घकाळ, शेतजमीन बाईच्या नावावर असणे विरळाच होते. अंगावरचे दागिने आणि उतरंडीतली चिल्लर एवढेच तिच्या ताब्यात. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शाळेच्या वेळी हीच ठेव बाहेर निघे. त्यामुळे बाईच्या ‘छोट्या खजिन्या’कडे हौस म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्या स्वतंत्र मालमत्तेचा तो बहुधा एकमेव कोपरा होता.

२५/
घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारा माणूस महाराष्ट्राला लाभला नाही असे नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपे, पेट्या, स्वयंपाकाची भांडी जमवली. बालपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह राज्य सरकारच्या हाती सोपवला. पुण्यातील हे संग्रहालय पाहताना जाणवते की तांबे, पितळ, लाकूड टिकले म्हणून ते जमवता आले. चिंधी, मडके आणि रोडगा कोण कसे जमवणार?

२६/
शिवण, भाजण आणि साठवण या तिन्ही गोष्टी एका प्रसंगी एकत्र येत: लग्नातील रुखवत. रुखवत म्हणजे मुळात वधूपक्षाने वराकडे पाठवायचा फराळ. पुढे त्यात कलाकुसर आली. लाडू, करंज्या, शेवया, पापड, कुरडया यांच्या जोडीला भरलेले रुमाल, मण्यांची तोरणे, लोकरीचे विणकाम. त्यातले सर्वांत बोलके काम गव्हल्यांचे. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, फणुले ही पिठाची इवलीशी वळवटे. एकावर नखाचा ठसा, दुसऱ्यावर फणीची नक्षी. शिजून खिरीत गेल्यावर चवीत फारसा फरक नाही. तरी आकार वेगवेगळे, कारण ते मांडून दाखवायचे असत.

२७/
रुखवताला दुसरी बाजूही आहे. मांडलेल्या वस्तूंवरून मुलीची आणि तिच्या माहेरची परीक्षा होई. हौसेच्या जागी हळूहळू अपेक्षा आली, भांडी, फर्निचर, यंत्रे आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी ‘रुखवत’ या गोड नावाखाली देणेघेणे चालत राहिले. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला लग्नाचा खर्च किती जड जातो, हे सांगण्याची गरज नाही. आज तयार रुखवत विकत आणि भाड्यानेही मिळते. ज्यात मुलीचे हात दिसावेत अशी अपेक्षा होती, त्यात आता फक्त पैसा दिसतो.

२८/
वाकळही मागे पडली, त्याची कारणे साधी आहेत. नऊवारी सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या सहावारी साडीने घेतली. ती साडी निसरडी, घाम न शोषणारी, तिचे थर नीट बसत नाहीत. गिरणीच्या चादरी आणि मऊ ब्लँकेटे स्वस्त झाली. पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या डब्यांनी उतरंड हटवली, बँकेच्या खात्याने आणि बचत गटाने तिच्या तळाची ठेव. यातले बरेच बदल बाईचे कष्ट कमी करणारे आहेत आणि त्यांचे स्वागतच करायला हवे. त्यांच्याबरोबर जे ज्ञान नाहीसे होते, त्याची नोंद ठेवणे ही मात्र वेगळी जबाबदारी आहे.

२९/
नोंद करता येते, याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. जात्यावर दळताना बायांनी गायलेल्या ओव्या कोणी लिहून ठेवत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून त्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह, आता ‘पारी’ या डिजिटल संग्रहातून वाचकांपुढे येतो आहे. दळण ही गरज होती. ओवी हा तिथला जास्तीचा टाका. जाते थांबले, तरी त्या नोंदीमुळे ओवी उरली.

३०/
वाकळ, रोडगा आणि उतरंड यांच्यासाठी असे काम व्हायचे आहे, आणि त्याची सुरुवात घरातून होऊ शकते. जुनी वाकळ टाकून देण्याआधी तिचा फोटो काढावा. ती कोणी शिवली, कोणत्या गावात, साधारण कोणत्या वर्षी, कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवावे. आजीला रोडग्याचा आर कसा ओळखायचा हे विचारावे आणि तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. पेटीतले हाली नाणे किंवा भोकाचा पैसा कोणाकडून आला, हेही.

३१/
हिंगोली, परभणी, नांदेड, वाशीम भागातील वाचकांनी आपल्या घरातील अशा वस्तूंची नावे येथे खाली जरूर लिहावीत. गव्हल्यांच्या आकारांना, वाकळेतील नक्षीला, उतरंडीतील प्रत्येक मडक्याला गावागणिक वेगळी नावे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ कोणत्याही कोशात सापडणार नाहीत. वस्तू बनवणारीचे नाव माहीत असेल, तर वस्तूच्या नावाआधी ते लिहावे.

धागा समाप्त.